अंतराळाची ओढ आणि नाशिकमधली घरं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चांद्रयान-३ चंद्रावर उतरल्यापासून नाशिकमध्ये घराचं काम काढणाऱ्यांच्या मागण्या बदलल्या आहेत. कुणाला मुलांच्या खोलीत तारे हवे असतात, कुणाला हॉलमध्ये चंद्रासारखी करडी भिंत, तर कुणाला गोलाकार सोफा. यातलं काय टिकतं, काय बिघडतं आणि सुतार, पेंटर, इलेक्ट्रिशियनला नेमकं काय सांगायचं, ते इथे एकत्र केलं आहे.

अंतराळ मोहिमांचा आणि घराच्या सजावटीचा खरंच काही संबंध असतो का?

असतो, आणि तो जुना आहे. ४ ऑक्टोबर १९५७ रोजी स्पुटनिक सुटला. ५८ सेंटिमीटर व्यासाचा चकचकीत गोळा आणि मागे चार लांब ॲंटेना, एवढाच त्याचा आकार. त्यानंतर मधला गोळा आणि चहूबाजूंना दांडे असलेल्या झुंबराला लोक 'स्पुटनिक झुंबर' म्हणू लागले, ते नाव आजही दुकानात चालतं. १९६३ मध्ये फिनलंडच्या एरो आर्निओ यांनी गोळ्याच्या आकाराची 'बॉल चेअर' तयार केली. १९६४ मध्ये पॅरिसमध्ये आंद्रे कुरेज यांनी पांढऱ्या-चंदेरी कपड्यांची मालिका आणली. जुलै १९६९ मध्ये माणूस चंद्रावर उतरला तोवर ही शैली घराघरांत शिरली होती.

आताच्या लाटेची कारणं वेगळी आहेत. मे २०२० मध्ये खासगी कंपनीच्या यानातून अंतराळवीर गेले, तेव्हा त्यांचे काळे-पांढरे सुटसुटीत पोशाख आणि बटणांऐवजी पडदे असलेली केबिन जगाने पाहिली. जुलै २०२२ मध्ये जेम्स वेब दुर्बिणीची पहिली छायाचित्रं आली. २३ ऑगस्ट २०२३ रोजी संध्याकाळी ६ वाजून ४ मिनिटांनी विक्रम लँडर उतरला. जून २०२५ मध्ये शुभांशु शुक्ला आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर पोचले. राकेश शर्मांच्या १९८४ च्या उड्डाणानंतर ४१ वर्षांनी भारतीय अंतराळवीर पृथ्वीच्या कक्षेत गेला, आणि या वेळी मुलांनी ते मोबाइलवर थेट पाहिलं.

मग १९६०च्या शैलीत आणि आताच्या शैलीत फरक काय?

तेव्हा फायबरग्लास आणि साच्यात ओतलेलं प्लास्टिक नवं होतं, म्हणून फर्निचर फुग्यासारखं गोल आणि एकसंध झालं. रंग पांढरा, नारिंगी, चंदेरी. आता साधन आहे एलईडी पट्टी, वाकणारा प्लाय आणि सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणारं कटिंग. त्यामुळे लपवलेला उजेड, मऊ गोलाई, मॅट काळा, चंद्राच्या मातीचा करडा आणि त्यात थोडी तांब्या-सोन्याची चमक असं मिश्रण दिसतं. जुन्या लाटेत वस्तू यानासारखी दिसायला हवी होती. आताच्या लाटेतलं चांगलं काम यानातला विचार घेतं: कमी जागा, प्रत्येक वस्तूला ठरलेली जागा, वेळेनुसार बदलणारा उजेड, न लागणारे कोपरे. रॉकेटचं स्टिकर दोन वर्षांत मुलाला नकोसं होतं, पण नीट आखलेला उजेड तो दहावीतही वापरतो. पैसे कुठे घालायचे हे ठरवताना एवढी एकच कसोटी लावा.

चंद्रासारखी भिंत किंवा फरशी हवी आहे. कुठला सनमायका किंवा टाइल घ्यावी?

आधी आपल्या पायाखाली पाहा. चंद्रावर साध्या डोळ्यांना दिसणारे काळे डाग म्हणजे लाव्हा थिजून झालेला बेसाल्ट. अपोलो ११ चे अंतराळवीर तिथून जे दगड घेऊन आले त्यांत साडेतीन अब्ज वर्षांहून जुना बेसाल्ट होता. नाशिकही बेसाल्टवरच वसलं आहे. काळारामाचं आणि त्र्यंबकेश्वराचं देऊळ ज्या काळ्या पाषाणात उभं आहे, तो चंद्रावरच्या काळ्या डागांचा सख्खा भाऊबंद. बाहेरून छापील 'मून ग्रे' आणण्यापेक्षा हा दगड वापरणं जास्त खरं आणि जास्त टिकाऊ.

फरशीसाठी २० मिलिमीटर जाडी आणि घोटीव, म्हणजे न चमकणारा पृष्ठभाग घ्या. आरशासारखी पॉलिश केली की चंद्राचा भास जातो आणि धुळीचं प्रत्येक पाऊल उठून दिसतं. भिंतीला १० मिलिमीटर पुरतो. बेसाल्टचं वजन आधी हिशोबात धरा: २० मिलिमीटरचा दगड दर चौरस फुटाला सुमारे ५.४ किलो, १० मिलिमीटरचा २.७ किलो. म्हणजे ८ बाय १० फुटांच्या भिंतीवर साधारण २१६ किलो येणार. विटांच्या भिंतीला ते चालतं, जिप्समच्या पार्टिशनला अजिबात नाही. डोक्याच्या वरच्या ओळी फक्त चिकटवू नका, स्टीलच्या क्लॅम्पने भिंतीत अडकवून घ्या.

इथे सगळ्यात जास्त चुका चिकटवताना होतात. जुन्या ऑइल पेंटवर थेट ॲडहेसिव्ह लावलं तर दगड रंगाला चिकटतो, भिंतीला नाही, आणि रंगासकट सुटून येतो. रंग पूर्ण खरवडा, प्लास्टरला छिन्नीने टोचे मारा, भिंत ओली करून पुसा आणि मगच लावा. ॲडहेसिव्ह दगडाच्या पाठीवर पूर्ण पसरलेलं हवं. चार कोपऱ्यांत चार गोळे ठेवून लावलेला दगड ठोकला की पोकळ वाजतो आणि पहिल्या धक्क्याला तडकतो.

काही दगडांत पांढरे ठिपके किंवा लहान पोकळ्या दिसतील. लाव्हातल्या वायूच्या बुडबुड्यांत नंतर पाण्यामुळे खनिजं वाढली, ते हे ठिपके. त्यांतली झिओलाइट आणि अपोफिलाइटची स्फटिकं नाशिक परिसरातून जगभर जातात, सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात ती पाहायला मिळतात. पाण्याचा हा वारसा चंद्रावरच्या बेसाल्टला नाही. व्यवहाराचा मुद्दा एवढाच, की या ठिपक्यांत कॅल्साइटही असतं आणि ते ॲसिडने विरघळतं. सिमेंटचे डाग काढायला मजुराने ॲसिड ओतलं की ठिपक्यांच्या जागी खड्डे पडतात. साध्या साबणाच्या पाण्याने धुवा, दोन-तीन दिवस पूर्ण वाळू द्या आणि मग दगडात मुरणाऱ्या सीलरचे दोन हात द्या. किचनमध्ये सीलर नसेल तर तेलाचे गडद चट्टे राहतात.

दगड परवडत नाही किंवा फ्लॅट भाड्याचा आहे. रंगाने तोच परिणाम येतो का?

बऱ्यापैकी येतो. चुन्याचा किंवा मायक्रोकाँक्रीटचा गिलावा दोन-तीन मिलिमीटर जाडीत थापीने अनियमित ओढला की चंद्राच्या मातीसारखी पोत मिळते. अट एकच, भिंत कोरडी हवी. बाथरूमला लागून असलेल्या भिंतीवर एक हात चौरस प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी टेपने चिकटवा आणि दोन दिवस ठेवा. आत थेंब दिसले तर आधी गळती काढा, नाहीतर पहिल्याच पावसाळ्यात पोपडे येतील.

मुलांच्या खोलीत ताऱ्यांचं छत करायचं आहे. नेमकं कसं करतात?

टिकणारा मार्ग म्हणजे फायबर ऑप्टिक. एका पेटीत दिवा असतो, त्यातून शेकडो बारीक पारदर्शक तारा निघतात आणि छतातल्या छिद्रांतून त्यांची टोकं चमकतात. छतात वीज जात नाही, फक्त उजेड जातो.

१० बाय १२ फुटांची खोली धरू. कडेने दीड-दीड फूट सोडलं तर मधे ७ बाय ९ म्हणजे ६३ चौरस फूट उरतं. दर चौरस फुटाला ५ या हिशोबाने ३०० तारे भरपूर होतात. सगळे एकाच जाडीचे घेतले तर आकाश नाही, चाळणी वाटते. ०.७५ मिलिमीटरचे २००, १ मिलिमीटरचे ८० आणि १.५ मिलिमीटरचे २० असं घ्या, म्हणजे मंद ताऱ्यांमध्ये मोजकेच ठळक दिसतील. अशा कामाला १६ वॅटची पेटी पुरते.

नकाशा आपल्या आकाशाचा घ्या. नाशिक साधारण २० अंश उत्तर अक्षांशावर आहे, म्हणून इथे ध्रुवतारा क्षितिजापासून २० अंशांवरच दिसतो. छताचा मध्य म्हणजे डोक्यावरचा बिंदू आणि वर्तुळाची कड म्हणजे क्षितिज धरलं, तर ध्रुवतारा मध्यापासून कडेच्या नऊ भागांपैकी सात भाग अंतरावर, बरोबर उत्तरेला येतो. ७ फूट व्यासाच्या वर्तुळात ते अंतर सुमारे २ फूट ९ इंच. होकायंत्राने खोलीची उत्तर दिशा काढून नकाशा त्याप्रमाणे फिरवा. म्हणजे नकाशा ज्या महिन्याचा आणि वेळेचा आहे, त्या वेळी मूल बाहेर गच्चीवर गेलं की खोलीत ओळखलेले सप्तर्षी त्याच दिशेला सापडतील. ग्रह मात्र दाखवू नका, ते ताऱ्यांमधली जागा बदलतात. नकाशा करण्याआधी मुलाला एकदा महापालिकेच्या यशवंतराव चव्हाण तारांगणात नेऊन आणणं चांगलं, कुठले तारकासमूह हवेत ते तोच सांगतो.

इथे एक चूक हमखास होते. आकाशाचा नकाशा वर पाहून वाचायचा असतो, म्हणून त्यात उत्तर वर ठेवली तर पूर्व डावीकडे असते. पॅनेल जमिनीवर ठेवून दिसणाऱ्या बाजूने छिद्रं पाडत असाल तर नकाशा आहे तसाच चिकटवा. मागच्या बाजूने पाडत असाल तर तो आरशातल्यासारखा उलटा करून छापा. हे विसरलं की सगळं आकाश उलटं होतं आणि ते नंतर दुरुस्त होत नाही.

छत तयार पीओपीवर वर बघत टोचण्यापेक्षा ६ मिलिमीटर प्लायच्या पॅनेलवर जमिनीवरच काम करा. आधी रंग पूर्ण करा, मग तारांपेक्षा किंचित मोठ्या बिटने छिद्रं पाडा. मागून तार घाला, समोर इंचभर बाहेर ठेवा आणि मागे पांढऱ्या गोंदाचा थेंब द्या. सुपरग्लू किंवा थिनर असलेला गोंद नको, त्याने ॲक्रिलिकची तार धुरकट होते आणि तडकते. सगळ्या तारा पेटीपर्यंत नेताना फूटभर जादा ठेवा आणि कुठेही घडी पडू देऊ नका. वळण तारेच्या जाडीच्या किमान दहापट त्रिज्येचं हवं, नाहीतर तिथूनच उजेड गळतो आणि तो तारा कायमचा मंद होतो. पॅनेल वर बसल्यावर बाहेर आलेली टोकं धारदार ब्लेडने कापा. त्यानंतर पेंटरला छताला हात लावू देऊ नका. रोलर फिरला की तारे विझले.

पेटी कधीही बंद पीओपीत गाडू नका. तिला पंखा असतो, हवा लागते आणि कधीतरी दुरुस्तीही लागते. लुकलुक करणारी पेटी असेल तर आतलं चाक बारीक घरघर करतं, शांत रात्री ती ऐकू येते. पेटी बाहेरच्या पॅसेजच्या माळ्यावर ठेवा आणि झाकण उघडता येईल असं करा.

सीलिंग फॅनचं काय? १२०० मिलिमीटरचा फॅन मध्यापासून दोन फुटांचं वर्तुळ व्यापतो. त्या वर्तुळात तारे लावले तर पाती फिरताना उजेड फडफडतो आणि डोळ्यांना त्रास होतो. तेवढा भाग मोकळा ठेवा किंवा फॅन भिंतीवर घ्या. छत काळं रंगवायची गरज नाही. साडेनऊ फूट उंचीच्या खोलीत काळं छत अंगावर येतं. पांढऱ्या छतात दिवसा तारा दिसत नाहीत आणि अंधारात तारेच दिसतात, छत नाही.

अंधारात चमकणाऱ्या रंगाने कमी खर्चात काम होईल ना?

होईल, पण अपेक्षा बेताची ठेवा. जुन्या प्रकारचा झिंक सल्फाइडचा रंग थोड्या वेळात विझतो. स्ट्रॉन्शियम ॲल्युमिनेटचा रंग काही तास टिकतो, तरी ठळक चमक पहिल्या काही मिनिटांचीच असते, पुढे मंद होत जाते. हा पावडरचा कण पाण्याने खराब होतो, म्हणून पाण्यात मिसळायच्या रंगासाठी कणांवर आवरण असलेलीच पावडर मागा. खाली पांढरा बेस हवा, गडद रंगावर चमक निम्मीही राहत नाही. पावडर जड असते आणि डब्याच्या तळाशी बसते, दर पाच मिनिटांनी ढवळा. ढवळलं नाही तर पहिले तारे फिके आणि शेवटचे ढेकळासारखे होतात.

यानासारखा उजेड म्हणजे नेमका कसला? सगळीकडे निळसर पांढरे दिवे लावायचे का?

तेवढं मात्र करू नका. अंतराळ स्थानक साधारण ९० मिनिटांत पृथ्वीला फेरी मारतं, त्यामुळे तिथे दिवसात सोळा वेळा सूर्य उगवतो. शरीराचं घड्याळ बिघडू नये म्हणून तिथल्या एलईडी दिव्यांना तीन प्रकारचा उजेड दिला आहे: कामासाठी ४५०० केल्व्हिन (उजेडाच्या रंगाचं माप, आकडा जितका मोठा तितका उजेड निळसर), सावध राहायला ६५०० आणि झोपेआधी २७००. घरात घेण्यासारखी गोष्ट हीच. हॉल आणि मुलांच्या खोलीत दोन स्वतंत्र सर्किट ठेवा, एक ४००० केल्व्हिनच्या आसपासचं, दुसरं २७००चं. संध्याकाळी आठनंतर फक्त दुसरं. सगळीकडे ६५०० लावलेल्या पांढऱ्या खोलीत शिरलं की दवाखान्यात आल्यासारखं होतं, आणि जेवणाच्या ताटातलं वरणही फिकट दिसतं. ९० किंवा जास्त सीआरआयचे दिवे मागा; सीआरआय म्हणजे दिव्याखाली रंग किती खरे दिसतात त्याचं माप.

छताच्या कडेने लपवलेली पट्टी लावायची तर हिशोब असा: १० बाय १२ च्या खोलीचा परीघ ४४ फूट, म्हणजे सुमारे १३.४ मीटर. मंद उजेडासाठी ४.८ वॅट प्रति मीटरची पट्टी घेतली तर ६४ वॅट होतात. त्यावर वीस टक्के जादा धरून ७७, म्हणून १०० वॅटचा ड्रायव्हर, म्हणजे पट्टीला वीज पुरवणारी पेटी. पट्टी २४ व्होल्टची घ्या आणि दर पाच मीटरला वेगळी वायर द्या. १२ व्होल्टची एकच लांब पट्टी ओढली की शेवटच्या टोकाला उजेड मरतो. ॲल्युमिनियमच्या पट्टीत बसवली तर उष्णता निघून जाते. थेट पीओपीवर चिकटवलेली पट्टी उन्हाळ्यात सुटून लोंबते.

गोलाकार सोफा, गोल कपाट, कमानी करताना काय सांभाळायचं?

गोल सोफा मोठ्या हॉलसाठी आहे. १० बाय १४ च्या हॉलमध्ये त्याच्या पाठीमागे त्रिकोणी जागा वाया जाते आणि तिथे धूळ साठते. त्याऐवजी सरळ सोफा आणि गोल टीपॉय ठेवा.

सुतारकामात गोलाईसाठी फ्लेक्सी प्लाय वापरतात. तो एकाच दिशेने वाकतो, म्हणून ऑर्डर देताना उभा वाकणारा की आडवा हे सांगावं लागतं. चुकीचा आला की संपूर्ण शीट फुकट. वाकवलेले दोन थर एकमेकांना चिकटवून साच्यावर रात्रभर घट्ट बांधून ठेवा, एकच थर नंतर उघडतो. साध्या एमडीएफला (लाकडाचा भुसा दाबून केलेला बोर्ड) मागून खाचा पाडूनही गोल करता येतं, पण खाचांत पावसाळ्यात ओल शिरते आणि समोरून रेघा उठतात. ओट्याखाली किंवा बाथरूमजवळ एमडीएफ नकोच, एचडीएचएमआर, म्हणजे ओल जास्त सोसणारा दाट बोर्ड घ्या. छताची गोलाई जिप्समची असेल तर १२.५ मिलिमीटरचा बोर्ड जबरदस्तीने वाकवण्याऐवजी ६.५ मिलिमीटरचे दोन थर लावायला सांगा. मुलांच्या टेबलाचे कोपरे २५ मिलिमीटर त्रिज्येने गोल केले की पुरे. त्याहून फार लहान गोलाईवर जाड पीव्हीसी पट्टी तडकते.

यानावर असते तशी सोनेरी फॉइल भिंतीला किंवा छताला लावली तर घर थंड राहतं का?

हा प्रश्न उन्हाळ्यात वरच्या मजल्यावरचे लोक विचारतात आणि त्यामागचा तर्क निम्मा बरोबर आहे. यानावरचं ते आवरण सोन्याचं नसतं. पिवळसर पॉलिइमाइडच्या पातळ फिल्मला मागून ॲल्युमिनियमचा मुलामा असतो, म्हणून ते सोनेरी दिसतं. असे अनेक थर, मधे जाळी, आणि आजूबाजूला निर्वात पोकळी, म्हणून उष्णता फक्त किरणांनीच येते आणि तीच परत फेकली जाते. आपल्या घरात हवा आहे. फॉइल स्लॅब आणि खालच्या छतामध्ये फट न ठेवता दाबून बसवली तर ती धातूसारखी उष्णता पुढे पोचवते आणि काहीच फरक पडत नाही.

फॉइलने फायदा हवा असेल तर तिच्या चकचकीत बाजूसमोर किमान इंचभर हवेची फट ठेवा. चकचकीत बाजू खाली, खोलीकडे तोंड करून लावा. वर तोंड केलं की धूळ बसते आणि काही महिन्यांत तिचं काम थांबतं. सातपूर-अंबडच्या पत्र्याच्या शेडला हा उपाय चांगला लागू पडतो. फ्लॅटच्या स्लॅबला त्याहून सोपा मार्ग म्हणजे गच्चीवर पांढरा परावर्तक लेप. गच्ची धुवून भेगा भरा, दोन हात एकमेकांना आडवे द्या, आणि काम पावसाळ्याआधी किमान आठवडाभर कोरडं हवामान पाहून करा.

चंदेरी मेटॅलिक रंग भिंतीवर डागाळलेला का दिसतो?

कारण धातूचे कण प्रत्येक उंचवटा दाखवतात. आधी अंधारात भिंतीला टॉर्च चिकटवून तिरका उजेड टाका. ज्या लाटा दिसतील त्या लांबी (पुट्टी) भरून २२० आणि मग ३२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासा. रंगाचा शेवटचा हात वरून खाली एकाच दिशेने, न थांबता. जेवायला उठलेल्या पेंटरची जागा भिंतीवर कायम दिसते. एकच भिंत चंदेरी करा, आणि तीसुद्धा पश्चिमेच्या खिडकीसमोर नको, दुपारी डोळे दिपतात.

षटकोनी टाइल किती लागतात?

वेब दुर्बिणीचा आरसा १८ षटकोनी तुकड्यांचा आहे, कारण षटकोन फट न ठेवता जुळतात. घरातही तेच. समोरासमोरच्या कडांमध्ये २०० मिलिमीटर असलेली टाइल सुमारे ०.३७ चौरस फूट भरते. ओट्यामागच्या ३० चौरस फुटांना ८१ लागतील, कापाकापीचे पंधरा टक्के धरून ९३ घ्या. सुरुवात भिंतीच्या मधून करा. एका कोपऱ्यातून सुरू केलं की दुसऱ्या टोकाला पातळ चिंध्या उरतात. ग्राउट इपॉक्सीचं घ्या, फोडणीचे डाग बसत नाहीत.

मुलाला यानासारखा बंदिस्त पलंग हवा आहे. करावा का?

करा, पण पूर्ण बंद नको. एप्रिल-मे मध्ये अशा खोक्यात झोपणं अशक्य होतं. दोन समोरासमोरच्या बाजूंना झडपा किंवा जाळी ठेवा आणि आत छोटा पंखा द्या. गादीच्या वरच्या पातळीपासून छतापर्यंत किमान ३६ इंच मोकळी उंची हवी. पलंग दुमजली असेल तर वरच्या पलंगाचा कठडा गादीच्या वर निदान ५ इंच आला पाहिजे. सुतार कठडा पलंगाच्या फळीपासून मोजतो, मग जाड गादी येते आणि कठडा उरतच नाही, म्हणून गादी आधी आणा. सहा वर्षांखालच्या मुलाला वर झोपवू नका, आणि वरच्या पलंगावरून हात सीलिंग फॅनपर्यंत पोचत नाही ना, हे स्वतः चढून पाहा.

स्थानकातली खरी घेण्यासारखी कल्पना म्हणजे बांधून ठेवलेल्या वस्तू. तिथे सोडलेली वस्तू तरंगत जाते, म्हणून प्रत्येकीला वेल्क्रो आणि नाव असतं. पलंगाच्या आतल्या भिंतीला वेल्क्रोची पट्टी आणि नाव लिहिलेल्या थैल्या लावल्या की पसारा खरोखर कमी होतो.

आकाशगंगेचं मोठं चित्र भिंतीवर छापून घेताना काय चुकतं?

रंग चुकतो. पडद्यावरचा गडद निळा छपाईत जांभळा होतो आणि काळ्या भागात पट्टे उठतात. पूर्ण छपाईआधी चित्राच्या सगळ्यात काळ्या भागाची एक फूट पट्टी छापून भिंतीवर धरून पाहा. १० बाय ८ फुटांसाठी ७२ डीपीआयने (दर इंचाला ७२ ठिपके) सुमारे ८६४० बाय ६९१२ पिक्सेल लागतात. व्हॉट्सॲपवरून आलेला फोटो चालणार नाही. नासाची छायाचित्रं सहसा मूळ आकारात मोफत मिळतात. जोड कुठे येणार ते आधी ठरवा, ते दाराच्या चौकटीजवळ लपतात. मुलांच्या खोलीला लेटेक्स शाईची छपाई घ्या, वास कमी असतो.

नाशिकच्या कारागिरांकडून यातलं काही करून घेता येईल का?

नक्की. भांडी बाजारात तांब्या-पितळेचं काम चालतंच. हातोडीने ठोके पाडलेला तांब्याचा पत्रा, म्हणजे मठारकाम, जवळून पाहिलं तर विवरांनी भरलेल्या चंद्रासारखाच दिसतो. त्याची अर्धगोल वाटी भिंतीपासून दोन इंच पुढे लावून मागे २७०० केल्व्हिनची पट्टी दिली की ग्रहणासारखी कड उजळते. कारागिराला ठोके एकसारखे नको, लहान-मोठे हवेत हे आवर्जून सांगा, एरवी तो सवयीने सारखेच पाडतो. तांबं काळं पडू नये म्हणून लॅकर मारून घ्या, आणि लॅकर मारल्यावर पितांबरीने घासू नका.

कपड्यांमध्ये हे कसं आणायचं?

आपल्याकडे चंद्रकळा आहेच. काळ्या जमिनीवर चांदण्यांसारख्या बुट्ट्या असलेली ही साडी संक्रांतीला नेसतात, आणि ती स्पुटनिकच्या कितीतरी आधीची आहे. येवल्याच्या विणकराकडून पैठणी करून घेणार असाल तर काळी किंवा गडद निळी जमीन आणि विरळ चांदणी बुट्टी सुंदर दिसते. पदरावर यान काढायचा आग्रह धरू नका. विणकामात प्रत्येक तिरकी रेघ पायऱ्यांची बनते, लहान वर्तुळ चौकोनी दिसतं. चंद्र हवा असेल तर मोठा घ्या आणि विणकराकडून आलेखाच्या कागदावर आधी काढून घ्या. कागदावर गोल दिसला नाही तर रेशमातही दिसणार नाही.

दुकानाच्या पाटीवर नासा किंवा इस्रोचं चिन्ह लावलं तर चालेल?

नाही. छायाचित्रं वापरता आली तरी बोधचिन्हं परवानगीशिवाय धंद्यासाठी वापरता येत नाहीत. आणि पाटीवर 'अंतराळी' अक्षर हवं म्हणून शिरोरेखा तोडू नका. रस्त्यावरून गाडीत जाणाऱ्याला शिरोरेखेविना 'घ' आणि 'ध', 'भ' आणि 'म' एकच वाटतात. पॉपिन्ससारखं भौमितिक देवनागरी अक्षर घेतलं की नवेपणा येतो आणि वाचताही येतं.

सगळी कामं एकदम काढली तर क्रम काय ठेवावा?

गळती आणि ओल आधी. मग वायरिंग, मग दगड आणि टाइल, त्यानंतर सुतारकाम, मग छत, शेवटी रंग. ताऱ्यांचं पॅनेल मात्र जमिनीवर रंगवून तयार ठेवा आणि भिंतीचा रंग झाल्यावरच वर चढवा. ओलीची आणि गच्चीची कामं मे महिन्याच्या मध्यापर्यंत संपवा. फॉल्स सीलिंग बंद करण्याच्या आदल्या दिवशी टेप धरून प्रत्येक ड्रायव्हर, जोड आणि तारांच्या वाटेचा फोटो काढा, भिंतीपासूनचं अंतर टेपवर वाचता येईल असा. एखादी पट्टी बंद पडली की इलेक्ट्रिशियनला तोच फोटो दाखवायचा, म्हणजे तो छत एकाच जागी उघडतो.